जुन्या खमिराचे जतन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने काय बोलावे, याची एक रीत पडून गेली आहे. आरंभी परमेश्वराचे उपकार आठवावेत, मग ज्या मिशनऱ्यांनी व कुटुंबांनी या धर्मग्रामाचा पाया घातला त्यांचे स्मरण करावे, आणि शेवटी पुढच्या पिढीस चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आज सकाळी पवित्र मिस्सेच्या वेळी यथासांग झाल्या. तिसरी मी या संध्याकाळच्या मेळाव्यासाठी राखून ठेविली होती. आणि ती सांगण्यासाठी जो विषय मी निवडला आहे तो ऐकून काहींस हसू येईल. तो विषय म्हणजे खमीर. त्यातही एकदा वापरलेले खमीर जतन करून पुन्हा कसे वापरावे, हा.

हा विषय मला तुम्हीच दिला आहे. आपल्या कुटुंबांतील मुलेमुली आता नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळुरास आणि समुद्रापार जाऊन राहिली आहेत. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करण्यास केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. अशा देशांत राहणारे आपले काही तरुण सुटीत घरी आले म्हणजे विचारतात की, फादर, भांड्याच्या तळाशी राहिलेला साका टाकून द्यावा, की पुढच्या खेपेस वापरावा? दुसरीकडे नाताळ जवळ आला म्हणजे घरी पाव करणाऱ्या आयाबहिणी विचारतात की, आंबलेल्या कणकेचा गोळा काढून ठेविला तर तो किती दिवस जिवंत राहतो? प्रश्न दोन दिसतात, परंतु मूळ एकच आहे. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकविले, खमीर शिकविले नाही. तथापि प्रश्न विचारला गेला असता त्याचे उत्तर शोधणे हे धर्मगुरूचे काम आहे, म्हणून मी ते शोधिले. शोधता शोधता असे दिसून आले की, आजच्या महोत्सवास शोभेल असा मोठा धडा या लहानशा वस्तूत साठविलेला आहे.

प्रथम खमीर म्हणजे काय, हे पाहू. संस्कृतात त्यास किण्व म्हणतात. ते एकपेशी सजीवांचे बनलेले असते. एकेक पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी. तिला गोड रस मिळाला म्हणजे ती साखर खाते, आणि साखरेपासून मद्यार्क व कर्बवायू उत्पन्न करिते. वायूने पाव फुगतो, मद्यार्काने बिअर होते. पाव फुगविणारी आणि घरगुती बिअर बहुधा जिने होते ती, अशा दोघी एकाच जातीच्या आहेत. शास्त्रज्ञ तिला सॅकरोमायसीस सेरेव्हिसी म्हणतात. आपल्या घरच्या दह्याचे विरजण याहून वेगळे. त्यातील जीव जिवाणूंच्या वर्गातले असून ते दुधाच्या साखरेचे आम्ल करितात. परंतु कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधास लावावयाचा, आणि आपले नासले तर शेजारणीकडून मागून आणावयाचे, हा जो आपल्या घरांतील नित्याचा व्यवहार आहे, तोच खमिरासही लागू पडतो. मिठाईवाला जिलेबीच्या पिठात कालचे आंबलेले पीठ घालितो, तोही हेच करितो. गोव्यात पोर्तुगीज काळी पाव करण्यास सुरुवात झाली तेव्हा तिकडच्या पोदेरांनी माडाची ताजी सूर कणकेत घालून हे काम साधिले. सुरेत किण्व आयतेच वाढलेले असते.

पदार्थ आंबतो हे मनुष्यास हजारो वर्षांपासून ठाऊक होते. तो का आंबतो, हे मात्र फार उशिरा कळले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी किण्व सिद्ध करण्याची कृती आहे: एक द्रोण उडदाचा कल्क कच्चा अथवा शिजविलेला, त्याहून तृतीयांशाने अधिक तांदूळ, आणि मोरटादी औषधी एकेक कर्ष. झारखंडाच्या भागातील आदिवासी भगिनी हंडियासाठी तांदळाचे पीठ व मुळ्या एकत्र करून ज्या लहान गोळ्या वळतात व वाळवून ठेवितात, त्या याच जातीच्या वस्तू होत. वाळलेल्या गोळीत किण्व निद्रिस्त असते. ओल व अन्न मिळताच ते जागे होते. नॉर्वेच्या पश्चिम भागातील शेतकरी आपले खमीर लाकडी कड्यांवर अथवा भोके पाडलेल्या ओंडक्यावर माखून वाळवीत आणि पुढच्या सणापर्यंत टांगून ठेवीत. तेथेही ते मेले तर शेजाऱ्याकडून मागून आणण्याची रीत होती. बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या शुद्धतेविषयी जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात जव, हॉप व पाणी या तीनच वस्तू सांगितल्या आहेत. किण्वाचे नाव नाही. जो खरा काम करणारा, त्याचीच नोंद नव्हती! इंग्लंडातील जुने मद्यकार त्या फेसास ‘देव दयाळू आहे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. त्यांच्या अज्ञानास आपण हसू नये. कारण कळत नव्हते तेव्हा त्यांनी उपकाराचे नाव दिले, हे शहाणपणाचेच होते.

पुढे १६८० साली हॉलंडच्या लेव्हेनहूकने आपल्या भिंगातून या पेशी पाहिल्या. १८३० नंतरच्या दशकात त्या सजीव आहेत असे काही शास्त्रज्ञांनी प्रतिपादन केले. आणि लुई पाश्चर यांनी १८५७ पासून जे प्रयोग केले त्यांनी हा वाद मिटविला. पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखविले की, बिअर बिघडते ती किण्वाबरोबर शिरलेल्या परक्या जिवाणूंमुळे. म्हणजे जे खमीर आपण जपून ठेवितो, त्याबरोबर आपण नकळत शत्रूसही जपून ठेवितो. हे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडेल.

आता जतन करण्याच्या रीतीकडे वळू. बिअर होऊन निवाली म्हणजे तळाशी साका बसतो. तो भांड्यात काढून थंड जागी ठेविला असता त्याचे थर होतात. अगदी खाली काळपट, जड असा केरकचरा व मेलेल्या पेशी. मध्ये दुधाच्या सायीसारखा फिकट थर. आणि वर पातळ बिअर. जतन करावयाचा तो मधला थर. एका खेपेत किण्व मूळच्या तिप्पट ते पाचपट वाढते. म्हणून सगळेच ठेवण्याची गरज नसते. निवडून थोडे ठेवावे, उरलेले निःशंकपणे टाकावे. ज्यास सगळेच ठेवावेसे वाटते, त्याचे शेवटी काहीच धड राहत नाही.

ज्या खेपेची बिअर आंबट झाली, जिला वास आला, किंवा जी फार कडक झाली, तिचा साका ठेवू नये. मद्यार्क हा किण्वाचाच उत्सर्ग आहे. तो फार वाढला म्हणजे ज्याने तो केला त्यासच तो विषासारखा बाधतो. ठेवावयाची काचेची बरणी उकळत्या पाण्यातून काढावी आणि हात स्वच्छ धुवावेत. साका साध्या पाण्यात ठेवण्यापेक्षा त्याच्याच बिअरखाली ठेवणे बरे, कारण तिच्यातील आम्ल व मद्यार्क परक्या जिवांस दूर ठेवितात. बरणीचे झाकण घट्ट आवळू नये. आत वायू उत्पन्न होत असतो. घट्ट बरणी फुटते.

पुढचा नियम आपल्या वऱ्हाडासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. किण्व थंडीत झोपते आणि उष्णतेत उपाशी मरते. त्याच्या पोटात साखरेचा जो साठा असतो, तो ठेवणीच्या काळात हळूहळू खर्च होतो. थंडी असली तर खर्च थोडा. उष्णता असली तर सारा साठा लवकर संपतो, आणि मग पेशीतील पाचक द्रव्ये त्या पेशीसच पचवू लागतात. अशा बरणीस मांसाच्या रश्श्यासारखा वास येतो. तो आला की बरणी रिकामी करावी. अकोल्यास वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अमरावतीस त्याहून फारसे सुख नाही. ओले फडके गुंडाळलेला माठ पिण्याचे पाणी गार करील, खमीर राखण्यास तो पुरा पडणार नाही. फ्रिजच्या मागील बाजूस, जेथे गारठा शून्याच्या थोडा वर, एक ते चार अंशांवर असतो, तेथे बरणी ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. बर्फाचे कण पेशीचे आवरण फाडतात. वीज वारंवार जाते अशा गावी बरणीवर विसंबून राहू नये.

काळाचा नियम असा की, आठवड्याच्या आत वापरलेले उत्तम, पंधरवड्यापर्यंत चालते, आणि महिना झाला असेल तर एकदम कामास लावू नये. उकळून निवविलेल्या थोड्या गोड काढ्यात त्यास आधी जागे करावे. फेस आला, वास पावासारखा गोड आला, तर पुढे जावे. मोठ्या मद्यशाळांतून मेथिलीन ब्ल्यू नावाचा निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी रंगविरहित राहते. जिवंत व मृत वरून सारखेच दिसतात. परीक्षा केल्यावाचून भेद कळत नाही.

पावाच्या कणकेचीही तऱ्हा अशीच आहे. आंबलेल्या कणकेचा गोळा काढून ठेविला तर त्यात किण्व व दह्याच्या जातीचे जिवाणू एकत्र नांदतात, आणि जिवाणूंच्या आम्लामुळे इतर घाण दूर राहते. परंतु त्यास नियमाने ताजे पीठ व पाणी द्यावे लागते. त्या वेळी जुन्यातील बराचसा भाग काढून घ्यावा लागतो; नाहीतर गोळा दिवसेंदिवस मोठा आणि आंबट होत जातो व त्याचे बळ कमी होते. काढलेला भाग थालीपिठात घालावा. तो फुकट जात नाही.

बरणीवर दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: काढल्याची तारीख, आणि ही कितवी पिढी. हा पिढीचा आकडा का लिहावयाचा, याचे उत्तर डेन्मार्कच्या एका हकीकतीत आहे.

१८४५ साली कोपनहेगनचे जे. सी. याकबसेन हे म्यूनिकच्या एका प्रसिद्ध मद्यशाळेतून दोन डब्यांत खमीर घेऊन घरी निघाले. घोडागाडीचा लांबचा प्रवास. गाडी थांबेल तेथे उतरून ते डब्यांवर थंड पाणी ओतीत. असे जपून आणिलेल्या खमिरावर त्यांनी कार्ल्सबर्गची मद्यशाळा उभारिली. पुढे त्याच खमिराची पिढ्यान्‌पिढ्या पुनरावृत्ती होता होता एके काळी बिअर बिघडू लागली. तेथील प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी शोध केला तेव्हा दिसून आले की, खमिरात रानटी जातीच्या किण्वाची भेसळ झाली आहे. ती डोळ्यांस दिसत नव्हती, आणि भांडे घासून जाणारी नव्हती. तेव्हा हान्सेन यांनी त्या समुदायातून चांगल्या जातीची एकच पेशी निवडून काढिली, आणि त्या एका पेशीपासून नवा वंश वाढविला. १८८३ साली हे शुद्ध खमीर कामास लाविले गेले. याकबसेन यांनी ते दडवून ठेविले नाही. इतर मद्यकारांस मोकळ्या हाताने वाटिले. आजही बहुतेक मद्यशाळा पाच ते दहा पिढ्या झाल्या की जुना साका टाकून देतात आणि शुद्ध बीजापासून पुन्हा आरंभ करितात. प्रत्येक पिढीत थोडी भेसळ होते व थोडा थकवा येतो. एका पिढीस तो कळत नाही. दहाव्या पिढीस कळतो.

आपल्या ख्रिस्तसभेच्या मठांतूनही हे जतन चालत आले आहे. बेल्जियमच्या शिमे येथील मठाचे फादर तेओदोर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या मठाच्या बिअरचे किण्व निवडून शुद्ध केले. त्याच देशातील वेस्टव्लेटरेन येथील मठाचे बंधू आपल्या कामासाठी खमीर वेस्टमाले येथील मठाकडून आणितात. एका मठाने दुसऱ्यास खमीर द्यावे, हे पाहून मला आपल्या गल्लीतील वाटीभर विरजणाची आठवण होते. ज्याने दिले त्याचे काही उणे होत नाही. उलट एके ठिकाणचे कधी बिघडले तर दुसऱ्या ठिकाणी त्याचे बीज शिल्लक असते. जपण्याची सर्वांत खात्रीची रीत कोणती, असे विचाराल तर मी म्हणेन की, वाटून ठेवणे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, फादरांनी बिअर करावयास परवानगी दिली. तेव्हा स्पष्ट बोलतो. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याप्रमाणे परवान्यावाचून मद्य करणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. पुण्यास २००९ पासून ज्या लहान मद्यशाळा निघाल्या, त्या परवाना घेऊन चालतात. घरच्या स्वयंपाकघरास तो परवाना नाही. म्हणून परदेशातील मुलांनी तेथील कायदा पाळून काय करावयाचे ते करावे. येथे असलेल्यांनी ही विद्या पावाच्या कामी लावावी. नाताळासाठी मनुकांचे पेय करणाऱ्या घरांनीही हे ऐकून ठेवावे. साखर घालून आंबविले की ते मद्य होते, मग त्यास नाव कोणतेही द्या.

आणि कायदा नसता तरी मी सावधपणे बोललो असतो. आपल्या मेळघाटात फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. दुष्काळाच्या वर्षी या फुलांनी कोरकू घरांची पोटे भरली आहेत, हे विसरून चालणार नाही. तीच फुले मडक्यात भिजविली म्हणजे फुलांवरचे व जुन्या मडक्यास लागलेले किण्व त्यांस आंबविते, आणि मग भट्टी लागते. फुलास दोष नाही, किण्वास तर नाहीच. परंतु मळ्यापासून शहरापर्यंत जी हातभट्टी चालते, तिच्यात गूळ व नवसागर पडतो, आणि लोभी मनुष्याच्या हातून त्याहून भयंकर वस्तूही पडतात. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. तिच्यात मेथिल अल्कोहोल होते. इतक्या दूर जावयासही नको. कापसाचे पैसे हाती येण्याच्या दिवसांत वऱ्हाडातील किती गावांत संध्याकाळी बाप घरी कसा येतो, आणि त्याची वाट पाहणारी मुले दाराआड का उभी राहतात, हे येथे बसलेल्या मातांस सांगावयास नको. जे खमीर पावास फुगविते तेच घर पोखरू शकते. ते कशात घालावयाचे, हे ठरविणारा मनुष्य आहे, आणि त्या निर्णयाचा हिशेब त्याच्याकडूनच मागितला जाईल.

आता पवित्र शास्त्राकडे येऊ, कारण येथे एक कोडे आहे व ते अनेकांस पडते. प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्यास खमिराची उपमा दिली: एका स्त्रीने ते तीन मापे पिठात लपविले आणि सारे पीठ फुगून आले. संत मत्तय व संत लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत, त्यांच्या तेराव्या अध्यायांत, हा दाखला आहे. परंतु संत पौलाने करिंथकरांस लिहिताना जुने खमीर काढून टाकण्याची आज्ञा केली, आणि निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या सात दिवसांत इस्राएलाच्या घरी खमीर दिसूही नये असे सांगितले आहे. मग खमीर चांगले की वाईट? ठेवावे की टाकावे?

ज्याने खमीर हाताळले आहे त्यास हे कोडे पडत नाही. त्या काळी कणकेचा गोळाच कणकेतून कणकेत जात असे. वर्षभर चाललेल्या गोळ्यात आंबटपणा व भेसळ वाढणारच. वर्षातून एकदा सारे काढून, भांडी स्वच्छ करून, नव्याने आरंभ केला तर पुढील वर्षाचे खमीर पुन्हा सतेज होणार. ती आज्ञा मिसरातून घाईने निघाल्याच्या स्मरणार्थ होती, हे खरे. पाकशाळेच्या सोयीसाठी ती दिली होती, असे मी म्हणत नाही. परंतु परमेश्वराच्या आज्ञा मनुष्याच्या हिताच्या विरुद्ध जात नाहीत, याचा हा एक दाखला समजा. प्रभूने खमिराचे सामर्थ्य सांगितले. पौलाने त्यातील भेसळ काढावयास सांगितली. दोघांचे म्हणणे एकाच स्वयंपाकघरातील आहे.

ख्रिस्तसभेच्या आचारातही या दोन्ही बाजू दिसतात. आपल्या लॅटिन विधीत मिस्सेची भाकर शुद्ध गव्हाची, ताजी आणि बेखमीर असते. पूर्वेकडील पुष्कळ मंडळ्यांत ती खमिराची असते. पूर्वेकडील अश्शूरी मंडळीत तर ‘मल्का’ नावाचे एक पवित्र खमीर आहे. ते प्रभूच्या शेवटल्या भोजनापासून चालत आले आहे अशी तिची परंपरा सांगते. प्रत्येक भाकरीत त्याचा अंश घालितात, आणि दरवर्षी पवित्र गुरुवारी उरलेल्या मल्कात नवे पीठ, मीठ व तेल मिळवून त्यास पुन्हा पूर्ण करितात. आपल्या देशात त्रिचूर येथे या मंडळीचे लोक आहेत. मल्का हे पाव फुगविण्यासाठी नसून साखळी अखंड आहे याची खूण म्हणून असते. परंतु पाहा, अखंड ठेवण्यासाठीही त्यात दरवर्षी नवे घालावे लागते. नुसते जुने डबीत बंद करून ठेविले असते तर ते केव्हाच संपले असते.

बंधुभगिनींनो, आता तुम्हांस दिसेल की मी महोत्सवाचा विषय सोडून गेलो नव्हतो. १८८७ साली विशाखापट्टणमच्या धर्मप्रांतातून नागपूरचा धर्मप्रांत निघाला. १९५५ साली नागपुरातून आपला अमरावतीचा. आणि १९७७ साली अमरावतीतून औरंगाबादचा. प्रत्येक वेळी आधीच्या भांड्यातील जिवंत भाग काढून नव्या पिठात घातला गेला. या धर्मग्रामातही तसेच झाले. आपल्या आजोबा-आजींनी जे आपल्या हाती दिले, ते टिकावे असे वाटत असेल तर चार गोष्टी कराव्या लागतील, आणि त्या चारही आपण आज बरणीच्या निमित्ताने ऐकिल्या आहेत.

पहिली, निवड. आपल्याकडे जुने आहे तेवढे सगळेच पवित्र नाही. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना जुनी आहे, आणि लग्नात पंगतीला जातीची आठवण काढणे हेही जुनेच आहे. सायीचा थर ठेवावा, काळा थर टाकावा. दुसरी, स्वच्छता. भांडे अशुद्ध असेल तर उत्तम खमीरही वाया जाते; मुलांस धर्म शिकविणाऱ्या घरात बाप पिऊन येत असेल तर धर्मशिक्षणाच्या शंभर पाठांनी ती भर निघत नाही. तिसरी, परीक्षा. मेलेल्या व जिवंत पेशी वरून सारख्या दिसतात, तशीच आपली उपासनाही वरून नेहमीसारखीच दिसते. आपल्यातील एखादे कुटुंब संकटात सापडले असता किती घरांतून मदत गेली, हा आपला निळा रंग समजावा. चौथी, वाटणे. जे आपल्याजवळ चांगले आहे ते शेजारच्या घरी, शेजारच्या गावी जावे. आणि आपले कधी मंदावले तर दुसऱ्याकडून मागण्यास लाज वाटू नये.

शेवटची गोष्ट तरुणांसाठी. तुम्ही दूर देशी असाल तेथे घरची बरणी तुमच्याबरोबर येणार नाही. तिचा अंश मात्र येईल. त्यास तेथील पीठ व तेथील पाणी द्यावे लागेल. तुमची भाकर आजीच्या भाकरीसारखी दिसणार नाही, चवीसही थोडी निराळी लागेल. त्याबद्दल वडील मंडळींनी कुरकूर करू नये. तीत जीव आहे की नाही, एवढेच पाहावे.

मेळाव्याच्या चिटणिसांनी मला अर्धा तास दिला होता, तो संपला आहे. स्वयंपाकघरातील भगिनींनी पहाटे मळून ठेविलेल्या कणकेचे पाव तयार झाल्याची वर्दी आली आहे, आणि भाषणापेक्षा त्यांचा वास अधिक पटण्याजोगा आहे. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो, आणि या धर्मग्रामात त्याने पेरलेले जिवंत ते जिवंतच राखो.